पाहुण्यांच्या खोलीसाठी स्वस्त स्मार्ट टीव्ही: आधी खोली मोजा, मग दुकान गाठा

हॉलमधला टीव्ही रोज चार-पाच तास चालतो. पाहुण्यांच्या खोलीतला कधी कधी महिन्यातही तेवढा चालत नाही. दिवाळीत बहीण सहकुटुंब येते, मे महिन्यात भाचरं येतात, एरवी त्या खोलीत इस्त्रीचे कपडे आणि जादाच्या गाद्या. हॉलसाठी टीव्ही घेताना आपण जे बघतो तेच इथे बघायला गेलं की पैसे नको तिथे जातात. हा टीव्ही वापरून झिजत नाही, पडून पडून जुना होतो. त्यातही सगळ्यात आधी जुना होतो तो त्याचा ‘स्मार्ट’पणा. पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदा, सात-आठ वर्षं सहज काढतो, पण आतली ॲप्स तिसऱ्या-चौथ्या वर्षी रखडायला लागतात. तेव्हा पैसे लावायचे ते पॅनल, मागची सॉकेट्स आणि सर्व्हिस यांवर. स्मार्टपणा आहे तोवर आहे, असं धरून चालायचं.

टेप घेऊन खोलीत जा

पुण्यातल्या टू बीएचकेमधली दुसरी बेडरूम साधारण दहा बाय दहाची असते. टीव्हीच्या समोरच्या भिंतीला डोकं करून पलंग ठेवला, तर उशीला टेकून बसलेल्या माणसाचे डोळे त्या भिंतीपासून दीड फूट पुढे येतात. टीव्ही भिंतीवर लावला तर तो तीन-चार इंच बाहेर येतो. म्हणजे बघण्याचं अंतर आठ फूट. आठ फुटांवरून ३२ इंची टीव्हीवर चित्र दिसतं, पण सबटायटल वाचताना आणि क्रिकेटचा स्कोअर बघताना वयस्कर माणूस डोळे बारीक करतो. सोपा आडाखा असा: अंतर सहा फुटांपर्यंत असेल तर ३२ इंच, सात-आठ फूट असेल तर ४३ इंच. दिवाण भिंतीला समांतर ठेवलेली अरुंद खोली असेल तर अंतर पाच फुटांवर येतं, तिथे ३२ भरपूर झाला.

इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप. भिंतीवर ३२ इंची टीव्हीला साधारण ७२ सेंटिमीटर रुंदी लागते, ४३ इंचीला ९७. हे माप वर्तमानपत्राचं कापून भिंतीवर चिकटवा आणि कपाटाचं दार पूर्ण उघडून बघा. निम्म्या घरांत दार टीव्हीच्या कडेला आपटतं, आणि ते कळतं भोकं पाडून झाल्यावर.

मग खिडकी. स्वस्त टीव्हीचा उजेड बेताचाच असतो, साधारण २०० ते २५० निट्स (निट म्हणजे पडद्याचा उजेड मोजायचं एकक). पश्चिमेच्या खिडकीसमोर तो लावला तर दुपारी चारनंतर पडद्यात खिडकीच दिसते. टीव्ही खिडकीच्या काटकोनातल्या भिंतीवर जावा. दुसरी भिंतच नसेल तर खिडकीच्या पडद्याला अस्तर लावून घ्या, ते जास्त उजेडाच्या महागड्या टीव्हीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

एचडी रेडी, फुल एचडी की फोर-के

३२ इंची स्वस्त टीव्हीचं पॅनल बहुतेक वेळा १३६६ × ७६८ ठिपक्यांचं असतं, त्याला एचडी रेडी म्हणतात. त्यातला एक ठिपका साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. चांगली नजर असलेल्या माणसाला पावणेसहा फुटांच्या पुढून हे ठिपके सुटे दिसत नाहीत. ४३ इंची फुल एचडीचा, म्हणजे १९२० × १०८०चा ठिपकाही जवळपास तेवढाच, त्यामुळे त्याचंही अंतर साडेपाच फुटांच्या आसपास. आठ फुटांवरून फुल एचडी आणि त्याच्या चौपट ठिपक्यांचा फोर-के यांतला फरक ओळखणं कठीणच. या खोलीसाठी मुद्दाम फोर-केच्या मागे लागू नका. फरक हजार-दीड हजाराचाच असेल तर मात्र घ्या, कारण फोर-के मॉडेलमध्ये प्रोसेसर आणि मेमरी सहसा बरी येते.

एक अपवाद आहे. त्याच खोलीत घरून काम चालणार असेल आणि टीव्हीला लॅपटॉप जोडायचा असेल, तर एचडी रेडीवर अक्षरं फुटकी दिसतात. तिथे फुल एचडीच हवा.

‘फोर-के सपोर्ट’ असं खोक्यावर ठळक छापलेला एचडी रेडी टीव्हीही बाजारात मिळतो. त्याचा अर्थ एवढाच, की फोर-के सिग्नल आत घेऊन तो ७६८ ओळींत दाखवतो. माहितीपत्रकात ‘डिस्प्ले रिझोल्यूशन’ ही ओळ शोधा, बाकीचं वाचू नका. ‘एचडीआर’चंही, म्हणजे उजळ भाग जास्त उजळ दाखवायच्या सोयीचंही, तेच. २५० निट्सच्या पडद्यावर एचडीआरचा उजेड येणार कुठून?

किमतींचं म्हणाल, तर २२ सप्टेंबर २०२५पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला. ३२पर्यंतचे टीव्ही आधीपासून १८ टक्क्यांतच होते. त्यामुळे दोन्ही मापांतलं अंतर कमी झालं आहे, आणि जुन्या सल्ल्यावर विसंबून डोळे झाकून ३२ घेण्यात अर्थ राहिलेला नाही. ढोबळमानाने ओळखीच्या कंपनीचा ३२ इंची दहा ते चौदा हजारांत बसतो, ४३ इंची सतरा-अठरा हजारांपासून पुढे. दसरा-दिवाळी, गुढीपाडवा, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट या चार वेळा सोडून घेतलात तर हजार-दोन हजार जास्त जातात. पाहुण्यांच्या खोलीची घाई कुणालाच नसते, तेव्हा थांबा.

एक जीबीचं दुखणं

इथेच सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून जरा सविस्तर. गूगल टीव्ही किंवा अँड्रॉइड टीव्ही ही सिस्टिम असलेल्या स्वस्त मॉडेलमध्ये रॅम एक जीबी आणि स्टोरेज आठ जीबी असतं. आठातले निम्म्याच्या आसपास तर सिस्टिमच घेते. उरलेल्यात यूट्यूब, नेटफ्लिक्स आणि आणखी दोन-तीन ॲप्स टाकली, त्यांचे अपडेट आले की जागा संपते आणि रिमोटचं बटण दाबल्यावर दोन-तीन सेकंदांनी टीव्ही हलतो. पाहुणे बिचारे पुन्हा दाबतात, मग दोन्ही दाबणी एकदम लागू होतात आणि भलतंच काहीतरी उघडतं. गूगल टीव्ही घ्यायचा तर दीड जीबी रॅम ही खालची मर्यादा धरा, दोन जीबी मिळाली तर उत्तम.

एलजीचं वेबओएस आणि सॅमसंगचं टायझन कमी मेमरीतही बऱ्यापैकी चालतं, मेनूही सुटसुटीत असतो. आई-वडील अधूनमधून राहायला येत असतील तर हे दोन सोपे पडतात. ॲप्सची निवड गूगलपेक्षा कमी, पण या खोलीत लागणार किती? यूट्यूब, एक-दोन ओटीटी, बस.

टाळायचा प्रकार म्हणजे गूगलचं प्रमाणपत्र नसलेलं नुसतं अँड्रॉइड. अनोळखी नावाच्या सात-आठ हजारांच्या टीव्हीत ते असतं. ओळखायची खूण सोपी आहे: रिमोटचं एक बटण दाबलं की पडद्यावर माउसचा बाण येतो. ही फोनची सिस्टिम टीव्हीत कोंबलेली. अशा टीव्हीवर नेटफ्लिक्स एक तर चालत नाही किंवा धुरकट चालतं, कारण एचडी चित्रासाठी वाइडवाइन या गूगलच्या कॉपी रोखणाऱ्या यंत्रणेची एल-वन पातळी लागते आणि यांत ती नसते. प्ले स्टोअर आहे का, आणि रिमोटवर नेटफ्लिक्स, प्राइमची बटणं आहेत का ते बघा. बटणं असली की बहुधा परवाना घेतलेला असतो.

दुकानात करायच्या तपासण्या

टीव्ही ऑनलाइन घेणार असाल तरी एकदा दुकानात जाऊन तेच किंवा त्याच घराण्यातलं मॉडेल बघा. जाताना पेनड्राइव्ह न्या. त्यात चार गोष्टी टाका: पूर्ण काळं चित्र, पूर्ण मध्यम करड्या रंगाचं चित्र, क्रिकेटची एखादी क्लिप आणि माणसं बोलताहेत असा एखादा प्रसंग. पेनड्राइव्ह एफएटी-३२ फॉरमॅटचा ठेवा, काही टीव्ही दुसरा वाचतच नाहीत.

शोरूममध्ये टीव्ही ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’वर लावलेला असतो. विक्रेत्याला ‘स्टँडर्ड’ करायला सांगा. रंग उतरल्यासारखे वाटतील, तेच घरचे रंग. काळ्या चित्रावर कोपऱ्यांतून उजेड पाझरतो का ते बघा, करड्यावर मळकट उभे पट्टे दिसतात का ते बघा. थोडं डाग-डाग असतंच, पण चेंडू सीमेकडे जाताना हिरवळीवर पट्टा सरकताना दिसला तर ते पॅनल नको.

मग बाजूला सरका. पंचेचाळीस अंशांतून चेहरे फिके पडले पण समोरून काळा गडद दिसत असेल, तर पॅनल व्हीए प्रकारचं. रंग तसेच राहिले पण काळा राखाडी दिसला, तर आयपीएस प्रकारचं. खोलीत पलंगावर दोघं आणि खुर्चीत तिसरा असं बसणं असेल तर आयपीएस बरं. एकट्यानं रात्री दिवा मालवून बघायची खोली असेल तर व्हीए. आणि हो, खाली वाकूनही बघा. पलंगावर आडवं पडलेल्या माणसाला टीव्ही खालूनच दिसतो.

आवाज दुकानात कळत नाही, तिथे एसी आणि दहा टीव्हींचा कल्लोळ. ‘२० वॅट’ लिहिलेलं असेल तर दोन स्पीकरचे मिळून वीस, आणि ते खाली तोंड करून असतात. दहा बाय दहाच्या खोलीला एवढं पुरतं, साउंडबारचा आग्रह कुणी धरला तर हसून पुढे व्हा.

मागची सॉकेट्स बोटांनी मोजा. एचडीएमआय किमान दोन, तीन असली तर छान. एखादं तरी बाजूला तोंड करून हवं, भिंतीकडे तोंड असलेलं नको, कारण टीव्ही भिंतीवर गेल्यावर तिथे हात पोचत नाही. यूएसबी एक तरी हवं. जुना डीव्हीडी प्लेअर किंवा जुन्या पद्धतीचा सेट-टॉप बॉक्स लावायचा असेल तर एव्ही इनपुट (लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांसाठीचं) आहे का, तेही बघा. त्या खोलीसाठी दरमहा केबलचं वेगळं कनेक्शन घेणं परवडत नसेल, तर डीडी फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही, आणि त्यावर सह्याद्री वाहिनी दिसते.

खोक्यावरचं बारीक अक्षर

खोक्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. दीड-दोन वर्षांपूर्वीचं खोकं सेलमध्ये स्वस्त दिसतं, पण त्याचा स्मार्टपणा तेवढा आधीच जुना झालेला असतो. टीव्हीच्या मागच्या स्टिकरवर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह आणि आर या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. तो ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये टाकला की कोणत्या उत्पादकाच्या नावावर नोंद आहे ते कळतं. नामांकित कंपनीच्या नावात एक अक्षर बदललेले टीव्ही इथेच उघडे पडतात.

स्टार लेबलसाठी मात्र जास्त पैसे घालू नका. ४३ इंची टीव्हीला ८० वॅट धरले आणि महिन्यात पाच तास चालला, तर ०.४ युनिट. तोच टीव्ही रिमोटने बंद करून स्टँडबायवर अर्धा वॅट खात राहिला, तर महिन्याला ०.३६ युनिट. म्हणजे चालू असताना खातो जवळपास तेवढंच बंद असताना. बटण भिंतीवरून बंद करा, पाच स्टार आपोआप मिळाले.

वॉरंटी बहुधा एक वर्षाची, कधी पॅनलवर आणखी एक. कंपनीचं सर्व्हिस सेंटर पुण्यात आहे की पार्ट मुंबईहून येतो, हे घेण्याआधी कस्टमर केअरला फोन करून विचारा. बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर असायलाच हवा. तक्रार अडकली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

घरी आल्यावर

खोकं घेताना तडा तपासा. पॅनलचा तडा वॉरंटीत बसत नाही, आणि नवीन पॅनल टाकायचं तर किंमत जवळजवळ टीव्हीएवढीच. ऑनलाइन घेतलात तर ओपन बॉक्स डिलिव्हरीचा पर्याय निवडा किंवा खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा. टीव्ही उचलताना दोन्ही हात खालच्या आणि बाजूच्या चौकटीवर, पडद्यावर बोटं टेकवायची नाहीत. पलंगावर पालथा ठेवायचा तर खाली जाड रजई हवी, आणि रजईवर रिमोट राहिलेला नाही ना ते बघा.

भिंत कसली आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं. नव्या सोसायट्यांत आतल्या भिंती सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या ब्लॉकच्या असतात. ड्रिल लावताच पांढरी मऊ भुकटी आली तर समजा. तिथे हॅमर बंद ठेवून भोक पाडायचं आणि लांब नायलॉनचा प्लग ठोकायचा. कंपनीच्या माणसाच्या पिशवीतला आखूड प्लग वर्षभरात हलायला लागतो. मिव्हान पद्धतीच्या इमारतीत सगळी भिंत काँक्रीटची, तिथे हॅमर ड्रिलशिवाय काही होत नाही. आणि पेठेतल्या वाड्याच्या माती-विटांच्या भिंतीवर टीव्ही टांगूच नका. स्टँडवर ठेवा, नाहीतर टेबलावर.

टीव्ही टांगायचा ब्रॅकेट आधी तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, घेतलात तर कंपनीच्या माणसाकडून घेण्यापेक्षा स्वस्त पडतो. फक्त टीव्हीच्या मागच्या भोकांमधलं अंतर मोजून जा: ३२ इंचीला बहुधा १०० × १०० किंवा २०० × १०० मिलिमीटर, ४३ला २०० × २०० किंवा त्याहून जास्त. वरून खाली झुकणारा ब्रॅकेट घ्या. पलंगावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण शंभर ते एकशे दहा सेंटिमीटरवर असतात, टीव्हीचा मध्य तिथे किंवा वीतभर वर. बसवणारा माणूस सवयीने कपाटाच्या उंचीला खूण करतो, त्याला थांबवा.

स्टॅबिलायझरची गरज बहुतेक वेळा नसते. मागच्या स्टिकरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर टीव्ही कमी-जास्त व्होल्टेज स्वतःच सांभाळतो. त्याला मारतो तो झटका. गुरुवारी देखभालीसाठी गेलेली लाइट परत येताना, किंवा एप्रिल-मेमधल्या वळवाच्या विजा. चांगला स्पाइक गार्ड लावा आणि वीज कडकडायला लागली की पिन काढा, डिशची आणि इंटरनेटची वायरसुद्धा. झटका त्या वायरींतूनही येतो आणि एचडीएमआयचं सॉकेट जाळतो.

वायफायची तपासणी टीव्ही यायच्या आधी करा. ही खोली बहुधा राउटरपासून सगळ्यात लांब. टीव्ही जिथे लागणार तिथे फोन धरा, दार लावा, स्पीड बघा. एचडीला पाच एमबीपीएस लागतात, फोर-केला पंधरा. ३२ इंची स्वस्त टीव्हींत अनेकदा फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय असतं, आणि दोन भिंती ओलांडायला तेच बरं. राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही बँडना वेगळी नावं द्या, नाहीतर टीव्हीला आपलं नेटवर्कच सापडत नाही असंही होतं.

पहिल्यांदा चालू करताना बॅकलाइट शंभरवरून साठ-सत्तरवर आणा. स्वस्त टीव्हीत पॅनलच्या मागे एलईडीच्या पट्ट्या असतात आणि त्या पूर्ण उजेडावर लवकर जातात. आपलं मुख्य गूगल खातं इथे टाकू नका, नाहीतर भाच्याने बघितलेली कार्टून्स तुमच्या फोनवर सुचायला लागतात. गूगल टीव्हीत खातं न जोडता ‘बेसिक टीव्ही’ म्हणून वापरता येतो, पण मग ॲप्स मिळत नाहीत. या खोलीसाठी वेगळं खातं उघडणं सोपं. खरेदीला पिन लावा. बघण्याची माहिती गोळा करायची परवानगी सेटिंगमध्ये बंद करा.

आणि महिन्यातून एकदा अर्धा तास टीव्ही चालू ठेवा, पावसाळ्यात दर आठवड्याला. आतली ऊब दमटपणा घालवते. अपडेटही तेव्हाच होऊन जातात, नाहीतर पाहुणे सोफ्यावर बसल्यावर टीव्ही वीस मिनिटं ‘अपडेट होत आहे’ दाखवतो. मागच्या जाळीत पाल शिरून बोर्ड शॉर्ट होणं हा पडून राहिलेल्या टीव्हीचा नेहमीचा शेवट आहे, ट्यूबलाइटच्या जवळ टीव्ही लावला तर जरा लवकर.

आवाज येतो पण पडदा काळा, असं झालं तर खोलीत अंधार करून मोबाइलची टॉर्च तिरकी पडद्यावर मारा. चित्र पुसट दिसलं तर फक्त बॅकलाइटच्या पट्ट्या गेल्या आहेत. ते काम पॅनल बदलण्याच्या मानाने खूपच कमी खर्चाचं, टीव्ही भंगारात देऊ नका. उभ्या रंगीत रेषा आल्या तर दोष बहुधा पॅनलचा, तिथे पैसे घालू नका. नुसता लाल दिवा लुकलुकत असेल तर बहुधा पॉवर बोर्ड.

तीन-चार वर्षांनी ॲप्स रखडली की नवा टीव्ही घ्यायचा नाही, बाजूच्या एचडीएमआयमध्ये अडीच ते पाच हजारांची स्ट्रीमिंग स्टिक, म्हणजे ॲप्स चालवणारं पेनड्राइव्हसारखं उपकरण, लावायची. तिची वायर टीव्हीच्या यूएसबीत खोचू नका, सोबत आलेल्या ॲडॉप्टरवर चालवा. टीव्हीच्या यूएसबीतून अनेकदा अर्धाच अँपिअर मिळतो, स्टिक मधेच बंद होऊन पुन्हा सुरू होते आणि सगळे मिळून वायफायला नावं ठेवतात.